जपमाळभर उकळलेली नळी

कॉन्सेप्सिऑन, १४ मार्च २०१४

ताई,

फोन तू उचलत नाहीस. अकरा वेळा करून पाहिला, मग लक्षात आलं की नंबर बघूनच ठेवून देतेस. म्हणून पत्र. पत्र लाँचवाल्या लिसांद्रोच्या हातात पडलं की तो ते सगळ्या बेटाला दाखवत दाखवत आणणार, आणि मग लाजेकाजेस्तव तरी तुला उघडावं लागणार.

घर सोडून दोन वर्षं सात महिने झाले. मधे कुठे कुठे होतो ते सांगत बसत नाही. चेरी तोडल्या, वाळवंटात बसचे टायर बदलले, एका सर्कशीत खुर्च्या मांडल्या. त्या सर्कशीत एक लामा होता, फक्त मिशा असलेल्या माणसांवर थुंकायचा. पण ते असू दे. सांगायचं एवढंच की थकलो. पाय नाही थकले, पाय धडधाकट आहेत. बाकीचा थकलो.

आता इथे विद्यापीठात आहे. हसू नकोस. आठवीत शाळा सोडलेला तुझा भाऊ रोज सकाळी आठला विद्यापीठात जातो आणि बाटल्या धुतो. लॅब आहे, बेर्नार्दाबाई इतुर्रा म्हणून एक डॉक्टर तिच्या प्रमुख. माणसांना तपासणाऱ्या डॉक्टर नव्हेत, पुस्तकांतल्या. साठीच्या असतील, चपला घरच्याच घालून येतात. त्या काय करतात ते ऐक, म्हणजे मी का लिहितोय ते कळेल.

भावजींची नळी. त्या दिवशी ते समुद्राच्या तळावरून वर आले आणि कमरेखालचं सगळं गेलं, तेव्हापासून दिवसातून पाच वेळा नळी घालून लघवी काढायची, नळीवर जंतू बसायचे, जंतू आत जायचे आणि ताप चढायचा. तुला मी काय सांगणार, हे सगळं तूच करतेस. तर बाई त्याच नळीवर काम करतात! जंतू म्हणजे, ताई, आपल्या दोरावर वाढणाऱ्या शिनाण्यांच्या शिंपल्यांसारखे. आधी एक येऊन चिकटतो, मग त्याच्या अंगावर दुसरा, आणि मग दोर दिसेनासा होतो. एकदा वस्ती झाली की औषधालाही दाद देत नाही. बाई म्हणतात, मारायचं नंतर, आधी बसूच द्यायचं नाही. म्हणून त्या नळीवर प्रोटीनच्या पट्ट्या काढतात. पट्टी, फट, पट्टी, फट, इतक्या बारीक की एका केसाच्या रुंदीत शेकडो मावतील. जंतू येतो, पट्टीवर टेकायला जातो तर जागा पुरत नाही, फटीत टेकायला जातो तर तिथेही पुरत नाही. गर्दीच्या बाकावर अर्धं बूड टेकवल्यासारखं होतं त्याचं. कंटाळून वाहून जातो. मी स्वतः मायक्रोस्कोपातून पाहिलं. साध्या नळीवर हिरवंगार शेवाळ, बाईंच्या नळीवर चार-दोन ठिपके.

लवकरच बाजारात येईल. भावजींना सांग.

तुझा,
अनिबाल


बेट, २ एप्रिल

अनिबाल,

तुझं पत्र लिसांद्रोने खरंच सगळ्यांना दाखवत आणलं. आता धक्क्यावरच्या बायका मला विचारतात, तुझा भाऊ प्रोफेसर झाला का गं. मी हो म्हणते. खोटं बोलायचा कंटाळा येतो, पण खरं सांगायचा त्याहून जास्त येतो.

तुझ्या भावजींना, रोसामेलना, या वर्षी तिसऱ्यांदा ताप आला. दुसऱ्या वेळी इतका चढला की मला ते त्यांच्या आईच्या नावाने हाक मारत होते. आरोग्य केंद्रातली बाई म्हणाली, असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडं जातील, मग मोठ्या शहरात मशीनवर. मशीनवर जायला आठवड्यातून तीनदा लाँच, वर बस. माणूस आधी रस्त्यातच संपेल.

केंद्रातून महिन्याला मोजून नळ्या मिळतात, त्या पुरत नाहीत. म्हणून एकच नळी मी धुते, उकळते, परत वापरते. पहाटे उठून आधी चूल, मग भांडं, मग नळी, मग माणूस. दिवसातून पाच वेळा. मला सुट्टी नाही आणि रविवार नाही. तुझ्यासारखी पायाला भिंगरी असती तर मीही कधीच गेले असते, सर्कशीत खुर्च्या मांडायला.

तर उंटावरून शेळ्या हाकू नकोस. "लवकरच" म्हणजे कधी ते लिही. आणि तुझ्याकडे ती नळी असेल तर पाठव. नसेल तर लामाच्या गोष्टी लिहू नकोस, मला हसायला वेळ नाही.

ओतिलिया


ताल्काउआनो, मासळीबाजार, २२ एप्रिल

ताई,

पाठवतोय! या पत्राबरोबर एक डबा आहे, बर्फात गुंडाळलेला. आत तीन नळ्या आहेत, पट्ट्यावाल्या. बेर्नार्दाबाईंनी स्वतः दिल्या. तू त्यांना आभाराचं पत्र वगैरे लिहू नकोस हं, त्यांना असलं काही आवडत नाही. लॅबच्या पत्त्यावर तर मुळीच नको.

माझा फोन धुण्याच्या टाकीत पडला, त्यामुळे आता फोन करायचं मनात आलं तरी उपयोग नाही. मी इथे बाजारात बसून लिहितोय कारण दक्षिणेला जाणारा बर्फाचा ट्रक इथूनच सुटतो, ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो डबा थेट लाँचपर्यंत नेईल.

आता नीट वाच. एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, हिच्यावर सगळं अवलंबून आहे. या नळ्या डब्यातून काढल्यावर

अगं बाई! तू इथे हवी होतीस. एक सागरसिंह पाण्यातून वर चढलाय, बैलाएवढा, आणि सरळ गरम एम्पानादा तळणाऱ्या बाईच्या टेबलाखाली जाऊन आडवा पडलाय. बाई म्हणते, "ऊठ रे आळश्या, गिऱ्हाइकं घाबरतात!" तो एक डोळा उघडून बघतो आणि मिटतो. ती झाडूने ढोसते, तो जांभई देतो. तोंडाचा काय वास! आता ती त्याला म्हणतेय, "माझा नवरापण असाच होता, पण त्याला निदान लाज होती." सगळा बाजार हसतोय. पोरं त्याच्यावर माशांची डोकी फेकतायत. एक डोकं पोलिसाला लागलं. आता पोलीसच टेबलाखाली वाकून त्याला समजावतोय, ताई, हात जोडून, खरंच

ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. पाकीट बंद करतो. भावजींना नमस्कार सांग. आता ताप येणार नाही, बघशील तू.

अनिबाल


कास्त्रो, हॉस्पिटल, ११ मे

अनिबाल,

खुर्चीवर बसून लिहिते आहे, मांडीवर कागद ठेवून. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

रोसामेल इथे आहेत. गेल्या मंगळवारी ताप चढला, थंडी इतकी की पलंग भिंतीवर आपटत होता. लिसांद्रोने भर वाऱ्यात लाँच काढली. डॉक्टर म्हणतात अजून दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. तुझा फोन लागत नाही, लॅबचा नंबर तू दिलेला नाहीस. बसवाल्याच्या हाती हे पाठवते आहे.

तुझा डबा मिळाला होता. मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते, कारण मला उत्तर हवं आहे.

लाँचमधून जे उतरतं ते आमच्या घरात आधी उकळत्या पाण्यात जातं, हे तुला माहीत आहे. सासूबाईंपासूनची रीत. तुझ्या पत्रात नळ्या डब्यातून काढल्यावर काय करायचं ते होतं, पण मधेच सागरसिंह आला. मी पान उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं. मग मला जे माहीत आहे ते केलं. भांडं चुलीवर ठेवलं, नळ्या टाकल्या आणि एक पूर्ण जपमाळ होईपर्यंत उकळल्या. घाई केली नाही, एक मणी गाळला नाही. पाणी पांढरट झालं. अंडं उकळताना फुटलं की होतं तसं, वर तंतू तंतू. मला वाटलं साबण राहिला असेल. धुतल्या आणि वापरल्या.

बारा दिवस काही झालं नाही. बारा दिवस मी बसून जेवले. मग ताप आला.

ते पांढरं काय होतं? मी विष काढलं की औषध काढलं? त्या बाईंना विचार. तू उत्तर देऊ नकोस, अनिबाल. तुझं उत्तर मला नको. त्यांना विचार आणि त्या जे म्हणतील ते लिही.

ओतिलिया


कॉन्सेप्सिऑन, १५ मे

ताई,

बाईंनी हॉस्पिटलला फोन केला होता, म्हणजे महत्त्वाचं तुला कळलंच असेल. तरी तू म्हणालीस तसं, त्या जे म्हणाल्या ते लिहितो. माझं नंतर.

पत्र घेऊन मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. म्हणालो, "बाई, तीन नळ्या मी चोरल्या." हो, चोरल्या. त्यांनी दिल्या नव्हत्या. मी एप्रिलात विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "माणसात घालायला अजून सात-आठ वर्षं तरी आहेत, मुला. आधी प्राणी, मग परवानग्या, मग पैसे, आणि तोवर मी निवृत्त." हे मी तुला लिहिलं नाही. तीन ताप सोसून बसलेल्या बाईला सात-आठ वर्षं कशी लिहायची ते मला समजेना.

बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढला आणि विचारलं, "कुठल्या डब्यातल्या? पांढऱ्या झाकणाच्या की निळ्या?"

"निळ्या."

ताई, त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. पांढऱ्या झाकणाच्या डब्यात कोऱ्या नळ्या असतात. निळ्या झाकणाच्या डब्यातल्या नळ्यांवर त्यांनी आदल्या दिवशी जंतू सोडले होते, दुसऱ्या दिवशी मोजायला म्हणून थंडीत ठेवला होता तो डबा. पट्ट्यांना चिकटले नसतील, पण भोवतीच्या पाण्यात कोट्यवधी. झाकणावर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. दारातून कोण येतंय तिकडे बघत होतो.

"आणि त्या तशाच वापरल्या?" त्यांनी विचारलं.

"नाही. बहिणीने उकळल्या."

"किती वेळ?"

"एक पूर्ण जपमाळ."

त्यांना ते मिनिटांत हवं होतं. बाई बाटल्या मोजतात, मणी नाही. मग शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, तिची आजी म्हणते, वीस मिनिटं तरी लागतात. तेव्हा बाई खाली बसल्या. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "त्या बाईचे पाय धर. तिने माझी चार वर्षांची मेहनत अंड्यासारखी उकडून टाकली आणि तुझ्या मेव्हण्याचा जीव वाचवला."

ते पांढरं म्हणजे प्रोटीन होतं, ताई. पट्ट्या. उकळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोळा होतं आणि निघून येतं. "उकळू नकोस, वाळू देऊ नकोस", हीच ती महत्त्वाची गोष्ट मी लिहिणार होतो. तो सागरसिंह आला नसता तर मी लिहिलं असतं, आणि तू ऐकलं असतंस, आणि भावजी आज नसते. तीन दिवस मी याच्यावर विचार करतोय आणि मला जेवण जात नाही.

तर तू विषही काढलंस आणि औषधही. उरली ती साधी नळी, तुझ्या रोजच्यासारखी. हॉस्पिटलवाल्यांनी जंतू तपासले, ते भावजींच्या अंगातले जुनेच आहेत, लॅबचे नाहीत. मूत्राशयात खडा झालाय, जंतू त्याच्या आडोशाला बसलेत. खडा काढला की बरं वाटेल म्हणतात. हा ताप तुझ्यामुळे आला नाही आणि नळीमुळेही नाही.

मला काढून टाकलं. बाई म्हणाल्या, "मी तुला ठेवू शकत नाही, आणि ठेवायचंही नाही." जाताना मात्र त्यांनी परत हाक मारली. "तुझी बहीण दिवसभरात नळीचं काय काय करते ते तिला लिहून पाठवायला सांगशील? आम्ही इथे पट्टी किती बारीक, फट किती रुंद यात चार वर्षं घालवली. लोक घरी उकळतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जे चुलीवर टिकत नाही ते तिच्या काय कामाचं?" मी निघालो तेव्हा त्या हातात एक नळी घेऊन कॉफीच्या किटलीकडे बघत बसल्या होत्या.

आता माझं. हे मी तुला फोनवर सांगायचं ठरवलं होतं, अकराही वेळा. तू उचलला नाहीस की मला बरं वाटायचं.

त्या दिवशी भावजींना खाली हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बिघडला नव्हता. त्याचं पेट्रोल संपलं होतं. भावजी खाली बाजारात विकायचे काटेरी एरिसो गोळा करत होते, वर होडीत मी एकटा, त्यांची हवेची नळी आणि मशीन माझ्यावर सोपवलेलं. दर वीस मिनिटांनी टाकी बघायची, एवढंच काम. टोनिना आले होते, आपले छोटे डॉल्फिन, सात-आठ, पिलासकट. ते पिलू उलटं पोहत होतं. मी ते बघत राहिलो. आवाज बंद झाल्यावर मला आधी बरंच वाटलं, किती शांत झालं म्हणून. मग कळलं. भावजी एका दमात वर आले, कारण खाली हवाच उरली नव्हती, आणि इतक्या खोलवरून एकदम वर आलं की पाय जातात. मी सगळ्यांना सांगितलं, मशीन बिघडलं. नंतर मी निघून गेलो.

अनिबाल


बेट, २५ मे

अनिबाल,

मी लिहितो आहे, रोसामेल. हात चांगले चालतात माझे. चार दिवसांपूर्वी घरी आणलं. खडा काढला, काबुली चण्याएवढा होता. डॉक्टरने बाटलीत घालून दिला, आता तो खिडकीत आहे, ओतिलियाच्या संतांच्या शेजारी.

पेट्रोलचं म्हणशील तर मला माहीत होतं. तू मला होडीत ओढून घेतलंस आणि रडत बसलास, तेव्हा पाय जायच्या आधी मी हात लांब करून टाकीचं झाकण उघडून पाहिलं होतं. कोरडी ठणठणीत. दुसऱ्याच्या हातात आपली हवा देणारा माणूस आधी टाकी बघतो आणि मग खाली जातो. त्या दिवशी मीही पाहिली नाही. तू टोनिना बघत होतास, मी भाव चढलाय म्हणून घाईत होतो. हे मी तुला धीर द्यायला लिहीत नाहीये, झालं तसं लिहितोय. तुझा वाटा मोठा आहे. तो मी माझ्याकडे घेणार नाही.

ओतिलियाला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्या नावाचं दार तिने खिळे ठोकून लावलं असतं. आता तिने तुझ्याच अक्षरात वाचलं. दोनदा वाचलं, घडी घातली, एप्रनच्या खिशात ठेवलं आणि भांडं चुलीवर चढवलं. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. माझ्याशी नाही, संतांशीही नाही. जपमाळ मात्र म्हणत होती, कारण नळी उकळायची होती. आज सकाळी म्हणाली, "त्याला लिहा की मी थकले." मी विचारलं, आणखी काय लिहू? म्हणाली, "एवढंच."

आता मी माझं लिहितो. तू येऊन माझे पाय धरावेस असं मला वाटत नाही, त्यांना काही कळणार नाही. माफी वगैरेही मागू नकोस. माफी तुम्हा फिरत्या लोकांना बरी, एकदा मागितली की पुढच्या गावाला जाता येतं. इथे दिवसातून पाच वेळा काम असतं. तुझी बहीण ते पावणेतीन वर्षं एकटी करते आहे. तिचे हात बघितलेस तर ओळखणार नाहीस.

त्या बाईंना सांग, लॅबला समजेल असं लिहून पाठवणारा माणूस आमच्याकडे नाही. आठवीपर्यंत गेलेला एकच आहे आणि तो तिकडे आहे.

डबे पाठवू नकोस, अनिबाल. औषध पाठवू नकोस, चमत्कार पाठवू नकोस.

रोसामेल


कॉन्सेप्सिऑन, २८ मे

ताई, भावजी,

शुक्रवार, ३० मे. दुपारी तीनची लाँच. येतोय. महत्त्वाचं आधी लिहिलं.

ताई, शुक्रवारची संध्याकाळची नळी माझ्याकडे. भांडं तू चढवू नकोस. जपमाळ मला शेवटपर्यंत येत नाही, मधेच लक्ष जातं, म्हणून मोठ्याने म्हणेन. तू आत आडवी हो आणि ऐक. एखादा मणी गळला तर भिंतीवर थाप मार. नाही गळला तर झोप.

अनिबाल